भाव पडला का पाडला? शब्दांची ताकद नेमकी किती, ते साध्या भाषेत

मागच्या आठवड्यात आमच्या ग्रुपवर भांडण झालं ते केळीवरून. चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावाचा ग्रुप आहे, दीडशे माणसं, त्यात शेतकरी, दोन-तीन व्यापारी, पुण्याला अन् सुरतेला गेलेली पोरं, सगळे. एकाने बातमी टाकली, 'केळीचे भाव पडले'. पाच मिनिटात दुसऱ्याने, ज्याची स्वतःची सहा हजार खोडं कापणीला आलीयेत, खाली लिहिलं, 'पडले नाही भो, पाडले.' झालं. व्यापाऱ्याच्या भाच्याला राग आला, कोणीतरी बऱ्हाणपूर बाजाराच्या भावाच्या बोर्डाचा फोटो टाकला, कोणी कोणाच्या आजोबांपर्यंत गेलं, आणि रात्री साडेअकरापर्यंत शंभरच्या वर मेसेज. एका कान्यावरून.

दुसऱ्या दिवशी पारावर एक आप्पा म्हणाले, अरे शब्दात काय ठेवलंय, पडला म्हणा नाहीतर पाडला म्हणा, हातात पैसे तेवढेच पडनार. शेजारी बसलेले बाबा लगेच, असं कसं, शब्दात शक्ती असते, आपले पूर्वज काय येडे होते का, शुभ बोल नाऱ्या उगाच म्हणतात का. दोघंही पूर्ण बरोबर नाहीत आणि दोघंही पूर्ण चूक नाहीत. यावर लोकांनी पन्नास-पाऊणशे वर्षं खरोखर प्रयोग केलेत, आणि जे निघालंय ते आप्पांना पण पटेल अन् बाबांना पण थोडं बोचेल असं आहे. म्हणून म्हटलं एकदा बसून नीट लिहावं.

आधी त्या कान्याची गंमत

मराठीत अशा जोड्या भरपूर आहेत. पडला-पाडला, फुटला-फोडला, जळला-जाळला, मेला-मारला. पहिल्यात गोष्ट आपली आपण होते, करणारा कोणी लागतच नाही. दुसऱ्यात करणारा आलाच, त्याचं नाव घेतलं नसलं तरी 'कोणी?' हा प्रश्न डोक्यात उभा राहतो. लहान पोरगं हे शाळेत जायच्या आधी शिकतं. स्वयंपाकघरातून आवाज आला की ते म्हणतं 'ग्लास फुटला', आणि आई म्हणते, 'फुटला का फोडला?' त्या माऊलीने भाषाशास्त्राचं पुस्तक पाहिलेलं नसतं पण मुद्दा तिला पक्का कळलेला असतो.

अमेरिकेत कॅटलिन फॉसी आणि लेरा बोरोडित्स्की या दोघींनी २०१० मध्ये हेच तपासलं. हॉटेलात एका बाईच्या टेबलावरची मेणबत्ती कलंडून आग लागते, असा एक किस्सा त्यांनी लोकांना वाचायला दिला. निम्म्यांना 'तिने मेणबत्ती पाडली' अशा वळणाने, निम्म्यांना 'मेणबत्ती पडली' अशा वळणाने. बाकी घटना तीच, नुकसान तेच. पाडलीवाल्यांनी त्या बाईला जास्त दोषी धरलं आणि भरपाई पण जास्त सांगितली. एका प्रसंगाचा तर व्हिडिओच लोकांना दाखवला, म्हणजे काय झालं ते सगळ्यांनी डोळ्याने पाहिलेलं, तरी खाली लिहिलेल्या वाक्याने फरक पडलाच.

याच्या आधीचा, १९७४ चा एक प्रयोग अजून भारी आहे. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर. विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताच्या फिल्म दाखवल्या आणि विचारलं, गाड्या एकमेकींवर 'आदळल्या' तेव्हा स्पीड किती होता? काहींना विचारलं 'टेकल्या' तेव्हा किती होता? (मूळ शब्द इंग्रजी, मी आपले जवळचे घेतले.) फिल्म त्याच, पण आदळल्यावाल्यांनी सरासरी ४१ मैलाच्या आसपास सांगितला अन् टेकल्यावाल्यांनी ३२. दुसऱ्या वेळी आठवड्याने परत बोलावून विचारलं, काच फुटलेली दिसली होती का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. 'आदळल्या' ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जण म्हणाले हो दिसली की, आणि साधं 'धडकल्या' ऐकलेल्या ५० पैकी फक्त ७. म्हणजे एका क्रियापदाने आठवड्यानंतर डोक्यात काच फोडली. आपल्याकडे हायवेवर अपघात झाला की पोलीस येईपर्यंत चार माणसं चार शब्दात सांगत असतात, 'लागली', 'ठोकली', 'उडवला', आणि ऐकणारा नंतर शपथेवर सांगतो की मी स्वतः पाहिलं.

औषध म्हटलं की हात सैल होतो

हा विषय मुळात ज्यांच्या नावाने ओळखला जातो त्यातला एक माणूस भाषेचा पगारी प्रोफेसर नव्हताच. बेंजामिन ली व्होर्फ. शिक्षण केमिकल इंजिनीअरिंगचं, नोकरी अमेरिकेतल्या विमा कंपनीत, काम काय तर आगी का लागतात ते तपासायचं. भाषा हा त्याचा नाद. तर त्याला आगी तपासताना दिसलं की पेट्रोलचे भरलेले ड्रम असतील तिथे लोक सांभाळून वागतात, पण 'रिकामे' ड्रम ठेवलेले असतील तिथे बिनधास्त सिगारेटी ओढतात. खरं तर रिकाम्यात वाफ भरलेली असते अन् ती जास्त पेट घेते. पण 'रिकामा' म्हटलं की डोकं म्हणतं, आत काही नाही.

हे वाचलं तेव्हा मला आमची खळ्यातली खोली आठवली. आम्ही कपाशीवर, केळीवर जे फवारतो त्याला काय म्हणतो? औषध. 'औषध मारायचंय', 'औषधाचा वास येतोय', 'औषधवाल्याकडे जाऊन ये'. आहे ते विष, पण तापाची गोळी अन् मावा-तुडतुड्याचं विष दोघांना शब्द एकच. पेपरवाल्यांनी तर कमाल केलीये, 'विषारी औषध प्राशन केले' असं वर्षानुवर्षं छापतात, आणि वाचताना आपल्याला काही खटकत पण नाही. डब्यावर रंगीत त्रिकोण असतो, लाल म्हणजे अतिजहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे सगळ्यात कमी विषारी, पण आमच्याकडे हिरव्याचा अर्थ 'याने काही होत नाही' असाच घेतात, सिग्नलसारखा. आणि 'रिकामा' डबा धुऊन शेतात पाण्याला. व्होर्फचा ड्रमच तो.

आता इथे लगेच कोणी म्हणेल की २०१७ ला यवतमाळमध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली ती काय 'औषध' शब्दामुळे गेली का. नाही. मास्क नाही, हातमोजे नाहीत, ऊन मरणाचं, कपाशी डोक्याच्या वर गेलेली, दोन-तीन औषधं एकत्र केलेली, ही कारणं मोठी आहेत आणि त्यांच्यापुढे शब्द फार लहान. माझं म्हणणं एवढंच की 'विष मारायला चाललो' असं रोज तोंडाने म्हणावं लागलं असतं तर सालदाराच्या हाती उघडा पंप देताना मालकाची जीभ जरा तरी अडखळली असती. हे माझं मत, प्रयोग नाही.

मग शब्द नसेल तर विचारच येत नाही का?

इथे लोक फार घसरतात. व्होर्फ आणि त्याचे गुरू एडवर्ड सपीर यांच्या नावावर जो सिद्धांत चालतो त्याला भाषिक सापेक्षता म्हणतात, म्हणजे भाषा बदलली की जगाकडे बघणं बदलतं. त्याचं कडक रूप असं की भाषा हा तुरुंग आहे, जे बोलता येत नाही त्याचा विचारच करता येत नाही. हे कडक रूप आज जवळजवळ कोणी मानत नाही. एस्किमोंना बर्फासाठी शेकडो शब्द आहेत ही गोष्ट पण याच वाटेने फुगत फुगत आपल्या फोनपर्यंत आली.

तुरुंगवाल्यांना उत्तर द्यायला आपला 'परवा' पुरेसा आहे. गेलेला दिवस पण परवा अन् येणारा पण परवा. हिंदीवाल्यांचं तर 'कल' पण तसंच. म्हणून काय बऱ्हाणपूरचा व्यापारी काल दिलेले पैसे उद्या परत देतो का? बरोबर कळतं त्याला. शब्द एक असला तरी डोक्यात दोन दिवस नीट वेगळे असतात. तान्ह्या बाळाला एकही शब्द येत नसतो पण आई कोण अन् दुसरी बाई कोण हे त्याला कळतं.

मग ताकद आहे तरी कसली? मला यासाठी सगळ्यात जवळची वस्तू वाटते ती पाट. मामाचं गाव साक्री तालुक्यात, पांझरेकाठी. तिथे फड पद्धत आहे, शेकडो वर्षं जुनी. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाच्या चाऱ्या, आणि कोणाच्या शेतात कधी पाणी सोडायचं ते बघायला पाटकरी. पाट काही पाणी तयार करत नाही, पाणी नदीचं. पाट नसला तरी पाणी कुठेतरी जाणारच, पूर आला तर पाट फोडून जाणार. पण रोजच्या दिवशी, कोणी मुद्दाम फावडं घेऊन उभं नसेल तर पाणी आधी पाटानेच जातं. शब्द तसेच. विचार तुमचा, पण लक्ष नसताना तो आधी ज्या चारीत उतरतो ती चारी शब्दाने खणलेली असते. आणि दिवसभरात आपलं लक्ष किती वेळ असतं ते ज्याचं त्याने बघावं.

प्रयोगातही हेच दिसतं. रशियन भाषेत फिक्या निळ्याला आणि गडद निळ्याला दोन वेगळे शब्द आहेत, गोलुबोय आणि सिनी, आपण दोघांना निळाच म्हणतो (आकाशी म्हणतो, पण तो आपल्याला निळ्याचाच प्रकार वाटतो). २००७ च्या प्रयोगात रशियन लोकांना वरच्या निळ्या चौकोनाशी जुळणारा चौकोन खालच्या दोनातून ओळखायला लावलं, तर दोन छटा दोन वेगवेगळ्या शब्दांत पडत असतील तेव्हा ते जास्त पटकन ओळखायचे, इंग्रजीवाल्यांना असा फायदा नव्हता. पण खरी गंमत पुढे आहे. त्याच वेळी त्यांना मनात आकडे घोकायला लावले, म्हणजे डोक्यातली बोलणारी बाजू गुंतवून टाकली, की हा फायदा गायब. डोळे काही वेगळे नव्हते, शब्द मागून हळूच मदत करत होता अन् त्याला दुसऱ्या कामाला लावलं तसा तो फरक पण गेला.

दिशांचं पण असंच. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला पोम्पुराव म्हणून गाव आहे, तिथल्या कूक थायोरे भाषेत डावं-उजवं असं बोलण्यापेक्षा पूर्व-पश्चिम असंच बोलतात, अगदी जवळच्या वस्तूंबद्दल पण. त्यामुळे त्या लोकांना कुठेही बसवा, दिशा माहीत असते. एखाद्या माणसाचे लहानपणापासून म्हातारपणापर्यंतचे फोटो क्रमाने लावायला दिले तर ते पूर्वेकडून पश्चिमेकडे लावतात, तोंड कुठेही असो. हे ऐकून शहरातले लोक चाट पडतात. माझा आजा म्हणायचा, 'चप्पल उगवतीकडच्या भिंतीला ठेव', आणि सातबाऱ्याच्या भांडणात सगळं गाव 'मावळतीचा बांध' असंच बोलतं. मी पुण्यात चार वर्षं राहिलो अन् आता मला माझ्याच शेतात सूर्य बघून सांगावं लागतं. रोज जे बोलावं लागतं त्याची डोक्याला सवय लागते, एवढंच त्यात आहे.

आकड्याला शब्द लागला की

हे पटकन सांगतो. १९८१ मध्ये आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन यांनी लोकांना विचारलं, ६०० माणसं मरतील अशी साथ येतेय, दोन उपाय आहेत, एकाची खात्री आहे, दुसरा जुगार. खात्रीवाला उपाय 'यात २०० जण वाचतील' असा सांगितला तर ७२ टक्के लोकांनी तो घेतला. तोच उपाय 'यात ४०० जण मरतील' असा सांगितला तर फक्त २२ टक्क्यांनी. ६०० मधून २०० वजा केले की ४०० उरतात हे चौथीतल्या पोराला येतं. याला फ्रेमिंग म्हणतात, चित्र तेच, चौकट बदलली. आडतीवर 'क्विंटलमागे दोन किलो कटती' म्हटलं तर डोकं तापतं आणि '९८ किलोचे रोख' म्हटलं तर माणूस चहा पिऊन घरी येतो. मी आलोय, म्हणून सांगतो.

विचाराचं ठीक, पण बोलल्याने खरंच दुखतं का?

दुखतं. आणि हे म्हणजे नुसतं मनाला लागणं असं नाही.

२०१० चा एक अभ्यास आहे, बाळंतपणाला आलेल्या १४० बायकांवर. पाठीत भुलीचं इंजेक्शन द्यायच्या आधी बधिर करायची सुई टोचतात, ती टोचताना निम्म्यांना सांगितलं की आता मोठी मधमाशी चावल्यासारखं होईल, हाच सगळ्यात त्रासाचा भाग. निम्म्यांना सांगितलं की आता जागा बधिर करतोय म्हणजे तुम्हाला पुढे त्रास होणार नाही. सुई तीच, हात तसेच. दहापैकी दुखणं किती विचारलं तर पहिल्या गटात मधला आकडा ५ आला, दुसऱ्यात ३. वाईट होणार असं सांगितल्याने वाईट होणं, याला डॉक्टर लोक नोसिबो म्हणतात. आमच्याकडे एक कंपाउंडर होते, सुई टोचायच्या आधी 'काय रे, यंदा पास का नापास' विचारायचे आणि पोरगं उत्तर शोधेपर्यंत काम झालेलं असायचं. त्यांना कोणी पेपर लिहायला सांगितला नाही.

आणि शिवी? 'शिव्या काय अंगाला चिकटतात का' असं म्हणायची पद्धत आहे. २००३ मध्ये तुर्की आणि इंग्रजी दोन्ही येणाऱ्या लोकांच्या बोटाला यंत्र लावून कातडीवर येणारा बारीक घाम मोजला. शिव्या-घाणेरडे शब्द, आणि लहानपणी आईबाप रागवतात तसली वाक्यं, 'लाज नाही वाटत' टाइप, ऐकवली. दोन्ही भाषा चांगल्या येत होत्या, पण आईच्या भाषेतलं ऐकलं की घाम जास्त, त्यातही ती लहानपणची बोलणी ऐकली की अजून. म्हणजे चिकटतं, फक्त कोणत्या भाषेत चिकटवलं त्यावर अवलंबून. ऑफिसात साहेब इंग्रजीत झापतो तेव्हा मी टेबलावरचा पेन बघत बसतो. आई जेव्हा अहिराणीत नुसतं 'काय व्हयनं रे तुले?' विचारते तेव्हा घसा दाटतो.

माझा स्वतःचा किस्सा यातच बसतो. पुण्यात कॉलेजला पहिल्याच आठवड्यात मी वर्गात 'मला' च्या जागी 'माले' बोललो. सगळा वर्ग हसला, सर पण हसले, आणि चार वर्षं माझं नाव 'माले'. मनाने वाईट नव्हते ते, टपरीवर माझे पैसे पण द्यायचे. पण मी अहिराणी बोलणं बंद केलं, घरचा फोन आला की जिन्यात जायचो. २०११ च्या जनगणनेत खान्देशी या भाषेखाली (आमची अहिराणी त्यातच धरतात) १८ लाखांच्या वर लोक आहेत, आणि ती मराठीपासून वेगळी मोजलीये. तरी पोराच्या कानावर काय पडतं, 'गावठी', 'अशुद्ध'. भाषा म्हटलं की इज्जत, बोली म्हटलं की कौतुक, गावठी म्हटलं की लाज. तीन शब्द, वस्तू तीच, आणि मी त्या तिसऱ्या शब्दाच्या चारीत चार वर्षं वाहिलो.

याच्या उलट पण होतं हां. २००७ मध्ये मॅथ्यू लिबरमन आणि सोबतच्यांनी लोकांना रागावलेले-घाबरलेले चेहरे दाखवून मेंदूचे स्कॅन काढले. चेहऱ्यावरच्या भावनेला नाव द्यायला लावलं, 'हा राग', 'ही भीती', की मेंदूतला अमिग्डाला नावाचा भाग, जो धोका दिसला की पेटतो, तो शांत व्हायचा. नाव दिल्याने धग कमी. आपल्याकडे त्यासाठी काय सुंदर शब्द आहे, करमणं. नवी सून माहेरी फोन करून 'माले आठे करमस नही' (मला इथे करमत नाही) म्हणते तेव्हा ती डिप्रेशन पण म्हणत नाही अन् नुसतं 'बरं नाही' पण नाही, नेमकं काय होतंय ते सांगते, आणि सांगून थोडी हलकी होते. हल्ली सगळ्यालाच 'टेन्शन' म्हणायची सवय लागलीये, पिकाचं टेन्शन, पोरीच्या लग्नाचं टेन्शन, मोबाइल चार्ज नाही त्याचं पण टेन्शन, आणि एकाच पोत्यात सगळं कोंबल्यावर काय काढून बघायचं ते कळत नाही.

मग भाताला अन् पाण्याला पण कळतं का?

हा प्रश्न बाबांचा. त्यांच्या फोनवर ते जपानी माणसाचं फॉरवर्ड आहे, मासारू इमोतो, पाण्याला गोड बोललं की बर्फाचे स्फटिक सुंदर होतात आणि शिव्या दिल्या की वाकडे. शाळेत पण पोरं भाताच्या दोन बरण्या भरून एकीला 'धन्यवाद' अन् एकीला 'मूर्ख' म्हणत बसतात. नाही, भाताला कळत नाही. इमोतोच्या फोटोंत छान छान निवडून घ्यायला वाव होता, आणि अशा गोष्टीला विज्ञानात जशी चोख तपासणी लागते तशी ती टिकली नाही. भात कधी आणि कसा नासतो ते हात किती स्वच्छ होते, झाकण किती घट्ट होतं, बरणी कुठे ठेवली यावर ठरतं.

शब्दाला काम करायला समोर समजणारं डोकं लागतं. सुईचं दुखणं कमी झालं ते त्या बाईच्या मेंदूने शब्द ऐकला म्हणून, सुईने ऐकला म्हणून नाही. पण बाबांच्या पूर्वजांनी जे केलंय ते माणसांसाठी केलंय अन् ते फार हुशारीचं आहे. दुकान 'बंद' करत नाहीत, 'वाढवतात'. कुंकू संपलं म्हणत नाहीत. 'जातो' म्हणू नको, 'येतो' म्हण. रात्री सापाला साप म्हणायचं नाही, 'जनावर' म्हणायचं. साप त्याने येत नाही अन् जात पण नाही, पण अंधारात झोपलेल्या पोरांच्या डोक्यात तो येत नाही.

नाव बदललं की माणूस बदलतो का?

मराठीत 'नाव ठेवणं' म्हणजे बारसं आणि 'नावं ठेवणं' म्हणजे निंदा. एका टिंबाचा फरक. दोन्ही कामं शब्दांचीच.

साताऱ्यात २०११ मध्ये २८५ मुलींची नावं समारंभ करून बदलली. त्यांची आधीची नावं काय होती, नकुशी, नकोशी. मुलगा हवा होता आणि मुलगी झाली म्हणून. रोज हजेरीला 'नकुशी' अशी हाक येणार अन् तिने 'हजर' म्हणायचं. आता नाव बदलल्याने तिच्या बापाच्या डोक्यातली मुलाची हाव गेली का, हा प्रश्न रास्त आहे. गेली असेलच असं नाही. पण निदान रोजची ती हाक तरी थांबली. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातीवरून पडलेली नावं बदलायचा निर्णय घेतला, त्यावर पण आमच्या ग्रुपवर दोन दिवस चाललं होतं, 'नाव बदलून गटार येणार का'. गटार नावाने येत नाही, खरंय. पण हा प्रश्न विचारणाऱ्याचा स्वतःचा पत्ता कधी जातीवरून लिहिला गेला नव्हता, हे पण खरंय.

आक्षेपातला जोर मात्र मान्य करायला हवा. नुसता शब्द बदलला आणि बघणं तेच राहिलं तर नवा शब्द पण काही वर्षांनी मळतो. लंगडा-आंधळा वाईट म्हणून अपंग आलं, २०१५ च्या शेवटी पंतप्रधानांनी 'दिव्यांग' सुचवलं, आणि आता पोरं एकमेकांना चिडवायला 'दिव्यांग आहेस का' म्हणतात, मी स्वतः स्टँडवर ऐकलंय. स्टीव्हन पिंकर या अभ्यासकाने अशा धावण्याला ट्रेडमिल म्हटलंय, पळतोय पण जागेवरच. आणि दिव्यांग शब्द कित्येक अपंग लोकांनाच आवडला नाही, आम्हाला दिव्य नको, रॅम्प द्या म्हणाले. गोड शब्द दुसऱ्याने चिकटवला की असं होतं. 'हरिजन' चं तेच झालं, गांधीजींनी प्रेमाने दिलेला शब्द, पण १९३८ मध्ये मुंबईच्या विधानसभेत तो कायद्यात घालायला निघाले तेव्हा बाबासाहेब आणि त्यांच्या पक्षाचे लोक सभागृहातून उठून गेले. 'दलित' हा शब्द मात्र लोकांनी स्वतः उचलला, त्यात झालेला अन्याय लपत नाही, आणि म्हणून तो टिकला असं मला वाटतं. दलित म्हणजे दळलेला, भरडलेला. बघा, इथे पण 'कोणी भरडला?' हा प्रश्न आलाच.

याच कारणाने ऑगस्ट २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने न्यायाधीशांसाठी जी पुस्तिका काढली ती मला पटली. बायकांबद्दल कोणते शब्द निकालात वापरू नका अन् त्याऐवजी कोणते वापरा, अशी यादी आहे तिच्यात. 'ईव्ह टीझिंग' म्हणू नका, रस्त्यावरचा लैंगिक छळ म्हणा. आपलं 'छेड काढली' पण त्याच पंगतीतलं, ऐकायला सतारीची तार छेडल्यासारखं वाटतं. आणि 'तिच्यावर अत्याचार झाला', पाऊस झाला तसा.

हे सगळे प्रयोग खरे कशावरून?

सगळे नाहीत. एक फार गाजलेला होता, की जर्मनमध्ये पूल हा शब्द स्त्रीलिंगी म्हणून त्यांना पूल नाजूक-सुंदर वाटतो आणि स्पॅनिशमध्ये पुल्लिंगी म्हणून दणकट. भाषणांमध्ये अजून सांगतात. पण नंतर इतरांनी करून बघितला तर तसा फरक नीट सापडेना. आणि साधा विचार करा, आपण 'ती खुर्ची' म्हणतो म्हणून कोणी खुर्चीला पदर लावतं का. जे प्रयोग टिकलेत त्यातला फरक पण काही वेळा लहान असतो, त्या निळ्या रंगांच्या प्रयोगासारखा सेकंदाच्या भागांचा. ज्या माणसाला केळीचा हिशोब तोंडपाठ आहे त्याला 'पडला' लिहून कोणी फसवू शकत नाही. शब्द जास्त चालतो तो तिथे, जिथे ऐकणाऱ्याला आधीचं काही माहीत नाही, म्हणजे पुण्यात बसून केळीची बातमी वाचणाऱ्यावर. नदी भरलेली असेल तर पाटाला कोण विचारतं.

शेवटी एक आपल्या घरची गोष्ट. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे आहेत, इंग्रजीत दोघांना मिळून एकच शब्द, आणि हिंदीत पण 'हम' वरच भागवतात. 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर, 'आपण' म्हटलं की आत. पुढारी हे बरोबर ओळखतो, मतं मागताना 'आपलं धरण', निवडून आल्यावर 'आम्ही निधी दिला'. पुढच्या सभेत नुसते हे दोन शब्द मोजा, मजा येते.

ग्रुपवरचं भांडण पुढे कसं मिटलं विचाराल, तर त्या व्यापाऱ्याच्या भाच्याने तिसऱ्या दिवशी समजुतीचा मेसेज टाकला. पडला पण नको अन् पाडला पण नको, आपण सगळे 'भाव उतरला' असं म्हणू. त्यावर त्या सहा हजार खोडंवाल्याने लिहिलं, 'ताप उतरतो भाऊ.' तेव्हापासून ग्रुपवर फक्त अॅडमिनच मेसेज टाकू शकतो.